उभा भिवा

तुम्ही माझ्या भावाला बसू दिलं नाहीत. मारलं असतंत तर वळ दाखवले असते. उपाशी ठेवलंत, पण ती तक्रार आज नाही. आजची तक्रार एवढीच आहे की सनई वाजत असताना भिवा रामजी खाली बसू शकत नव्हता, आणि ही तुमची करणी आहे. तुमचं नाव मी लिहीत नाही. वाचताना ज्याची मान खाली जाईल, त्यानं समजून घ्यावं.

सुरतेत, नानपुऱ्यातल्या एका वाडीत, रविवारी सकाळी तो उठून उभा राहिला तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसले होते. वाडी म्हणजे तिकडचं जातवाल्यांचं लग्नघर. लांबलचक हॉल, खाली पांढऱ्या गाद्या, गाद्यांवर सुरतेतली बडी माणसं मांडी घालून बसलेली. पुढं व्यासपीठ आणि व्यासपीठावर सनईवाले. सूर नुकताच लागला होता. मला वाटलं, दादा पाणी प्यायला उठला. पण तो कुठं गेला नाही. माणसांच्या मधोमध, पाय जुळवून, दोन्ही हात छातीपाशी धरून तिथंच उभा राहिला.

"एय भाई, बेसी जा ने!" मागून कोणीतरी ओरडलं.

"पाछळ कंई देखातुं नथी!"

मी त्याचा पायजमा ओढला. "दादा, खाले बस. लोके देखी र्‍हायनात."

त्याला ऐकू येत नव्हतं. त्याचे गाल फुगले होते. तोंडात काही नव्हतं, तरी फुगले होते.

पलीकडं हिलाल होता, आमच्याच कापड कारखान्यातला, लूम म्हणजे यंत्रमाग चालवणारा, खानदेशातलाच, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "भिवाभाऊ, शाळा शे का ही? मास्तर उना नही अजून. बस."

भिवादादा बसला नाही.

तो का बसला नाही, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. आणि तुम्हाला. पण तुम्ही तिथं नव्हतात. तुम्ही गावी होतात, तुमच्या ओट्यावर, लोडाला टेकून.

गिरणाकाठचं आमचं गाव. आमचा आबा, रामजी, सनई वाजवायचा. धुडकूबाबा संबळ वाजवायचा. भिवादादा सूर धरायचा. सूर म्हणजेही सनईच, पण तिची भोकं मेणानं बुजवलेली असतात. तिच्यातून एकच स्वर निघतो. सनई कुठंही हिंडून येवो, सूर जागचा हलत नाही. सूर धरणाऱ्यानं श्वास तोडायचा नाही. नाकानं ओढायचा, गालात साठवायचा, गालातला सोडता सोडता परत नाकानं ओढायचा. दादाला मिसरूड फुटायच्या आधीपासून हेच काम. त्याचं नाव कधी कोणी घेतलं नाही. लोक आबाला ओळखायचे, 'सनईवाला रामा' म्हणून. दादाला कोणी काही म्हणत नसे. सूर थांबला तरच लोकांना कळतं की सूर होता.

तुमच्या घरच्या लग्नाला आमची सनई, बारशाला आमची सनई, देवाच्या पालखीपुढं आमची सनई. वाजवणारे मात्र मांडवाबाहेर, उन्हात, उभे. वाजवताना बसायचं नाही. वाजवून झाल्यावरही कोणी बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही. आणि बस असं कोणी म्हणायचं नाही. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर फाडता तरी आला असता.

एका लग्नात आबाला ताप होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. वऱ्हाड यायला उशीर झाला, उन्हं चढली, आबाचे पाय कापायला लागले. मांडवाशेजारी बैलगाडी सोडून ठेवली होती. तिच्या धुरेवर आबा जरासा टेकला. सनई तोंडातच होती, वाजतच होती. तुम्ही शिवी दिली नाहीत. हात उगारला नाहीत. मांडवातून मान वळवून फक्त विचारलंत, "बसलास?"

आबा उठला. सनई तोंडातून न काढता उठला. सूर तुटला नाही, कारण सूर दादाच्या तोंडात होता आणि दादा उभाच होता.

सत्तावन्न साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला. त्याच आठवड्यात ठरलं की यापुढं कोणाच्या दारात वाजवायचं नाही. सगळी वस्ती डोहावर गेली. डफडी गेली, संबळ गेला. डफडी बराच वेळ पाण्यावर तरंगत राहिली, पोरांनी दगड मारून मारून बुडवली. आबाची सनई पितळी तोंडाच्या भारानं सरळ खाली गेली. दादानं सूर फेकला तो सगळ्यात लांब. मी टाळ्या वाजवल्या. आजही वाजवीन. त्या निर्णयाबद्दल माझ्या तोंडून एखादा वाकडा शब्द निघेल या आशेनं वाचत असाल, तर इथंच थांबा. आमच्या माणसांनी त्या दिवशी केलं ते योग्यच केलं.

पण मग तुम्ही दुसऱ्या गावाहून भाड्यानं वाजंत्री आणायला लागलात. त्यांची सनई तुमच्या मांडवातून निघून आमच्या वस्तीपर्यंत यायची. ती आली की आबा ओट्यावरून उठायचा आणि उभा राहायचा. हातात काही नाही, तोंडात काही नाही, बघणारं कोणी नाही. सनई थांबेपर्यंत उभा. माय ओरडायची, "आते कोणसाठे उभा शेस तू?" आबा उभाच राहायचा. फार जगला नाही तो त्यानंतर.

भिवादादा आणि मी सुरतेला आलो, उधन्याला. तो लूमवर, मी सुताच्या कांड्या भरायला. लूमच्या खोलीत बोललेलं ऐकू येत नाही. माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. त्या धडधडाटात माझा भाऊ सुखी होता, कारण तिथं सनई पोचू शकत नव्हती. रस्त्यानं वरात निघाली तर तो भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. रंभावहिनी म्हणायची, "लाजता काय नवरीसारखे?" तिला वाटायचं, त्याला बेंडबाजाचा तिटकारा आहे. तिटकारा नव्हता. त्याचे गाल हलायचे, ते त्याला कोणाला दिसू द्यायचे नव्हते.

अडुसष्ट साली तापीला मोठी रेल आली. पुराला तिकडं रेल म्हणतात. सगळं शहर पाण्यात गेलं आणि चिखल होऊन वर आलं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आमचा शेठ एका संगीत मंडळात होता. मंडळानं नानपुऱ्याच्या वाडीत रविवार सकाळचा कार्यक्रम ठेवला. गाद्या वाहायला माणसं हवीत म्हणून भिवादादा आणि हिलाल. पुराचा चिखल खिडक्यांच्या कोपऱ्यांतून खरवडायला आणि फुलांच्या माळा करायला मी. काय कार्यक्रम आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. गाणंबजावणं आहे, एवढंच. दारावर गुजराती फलक होता, तो आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हता.

गाद्या घालून झाल्या, लोक यायला लागले. पण त्या दिवशी शहरात कुठंतरी मोठ्या घरचं लग्न होतं. निम्म्या गाद्या रिकाम्या राहिल्या. शेठला रिकाम्या गाद्या सोसवेनात. तो आमच्याकडं धावत आला.

"ए भिवा, हिलाल, केसर, सब लोग बैठ जाव. बीच में, बीच में! हॉल भरेला दिखना चाहिए."

"शेठ, पाय धुवाना का?" हिलालनं विचारलं.

"धो ले, धो ले, जल्दी कर!"

हिलाल पाय धुऊन आला आणि गादीवर पसरला. "गाद्या आपुनच वाह्यात, आते आपुनच बसाना. शेठ, रोज बलाव!"

असे आम्ही बसलो. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडं तरी तोंड करून, मांडी घालून, फुकट बसलेली. मला हसू येत होतं. मग पडद्याआडून माणसं आली. चष्मा लावलेला एक म्हातारा, ग्वाल्हेरकडचे कोणी उस्ताद. त्यांच्यामागं तबलजी. आणि एक मध्यम वयाचा, काळा, चामडी पिशवीसारखे गाल असलेला माणूस. म्हाताऱ्यानं मखमली पिशवीची नाडी सोडली.

दादानं माझं मनगट धरलं. "केसर, सनई शे."

आणि मग जे झालं ते मी जसंच्या तसं सांगते, कारण असं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सनईवाला बसला. गादीवर, पांढऱ्या चादरीवर, आमच्या सगळ्यांच्या डोक्याच्या वर. सूरवाला त्याच्या शेजारी बसला. आमचा शेठ, ज्याच्यासमोर आम्ही पगाराच्या दिवशीसुद्धा मान वर करत नव्हतो, तो व्यासपीठावर चढला आणि त्यानं वाकून सनईवाल्याचे पाय शिवले. मी केलेला हार त्याच्या गळ्यात घातला. मग खाली येऊन, त्याच्या पायाशी, जमिनीवर बसला. बडी बडी माणसं हात जोडून बसली. सनई अजून वाजलीही नव्हती.

मी दादाकडं पाहिलं. त्याचे डोळे फक्त त्या सूरवाल्यावर होते.

मग सूर लागला. सनईच्या आधी एकटा सूर. आणि भिवादादा उभा राहिला.

आरडाओरडा मी सांगितलाच. छातीला फुलाचा बिल्ला लावलेले दोन पोरगे त्याला धरायला आले. शेठ लालबुंद. एवढ्यात म्हाताऱ्या उस्तादांनी डोळे उघडले. त्यांनी हात वर केला, सूर थांबला.

"क्या हुआ भाई?" उस्तादांनी विचारलं. "कोई तकलीफ है?"

माझा भाऊ मोडक्या हिंदीत म्हणाला, "कुछ नहीं, बाबा. आप बजाव. हम खडाच रहते."

उस्ताद त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला आणि लोकांना म्हणाले, "देखिए. सुर का अदब इसको कहते हैं."

आणि टाळ्या! अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. ज्यांना मघाशी मागून दिसत नव्हतं, त्यांनीसुद्धा. शेठ शेजारच्याला कोपर मारून सांगत होता, "मारो माणस छे. मारा कारखानानो." बिल्लेवाल्या पोरांनी दादाला आता हात धरून, आदरानं, मागच्या भिंतीशी नेलं. तिथं तो उभा राहिला. भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ होती, ती त्याच्या खांद्याला लागत होती.

उस्तादांना मी दोष देत नाही. त्यांना काय ठाऊक. त्यांनी अदब पाहिली. मला दिसत होती बैलगाडीची धुरा.

मी पण उठणार होते. भावाशेजारी जाऊन उभी राहणार होते. गुडघा उचललाही होता. मग वाटलं, का? मी मांडी घातली. मुद्दाम, पसरून. त्याच्या वाटची जागा रिकामी पडली होती, त्यावर मी हात ठेवला, कोणी येऊन बसू नये म्हणून.

आणि सनई सुरू झाली.

मी सनईवाल्याची पोर. सनई मला नवी नव्हती, असं मला वाटत होतं. पण आम्ही सनई कायम मागून ऐकली होती. आबा पुढं, आम्ही पोरं मागं, धुळीत. समोरून सनई ऐकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. ती आपल्याकडंच येते. भल्या पहाटे कोणी अंगणात पाणी शिंपडत यावं तशी ती पुढं पुढं येत होती, थांबत होती, परत मागं जाऊन राहिलेला कोपरा भिजवत होती. तिला घाई नव्हती. आमच्या सनईला कायम घाई असायची. वाजवा रे, थांबवा रे, नवरी आली, फटाके लावा, बंद करा ते. आबाचा एक स्वर कधी पुरा झाला नाही. सुरुवात करायचा, अर्ध्यावर कोणी हात करायचं, की बंद. पोटात किती स्वर तसेच राहिले असतील त्याच्या!

इथं कोणी हात केला नाही. म्हातारा एका स्वरापाशी गेला आणि तिथंच थांबून राहिला, इतका वेळ की माझाच श्वास संपला. कारखान्यात बारा बारा तास लूम ऐकून माझे कान बधिर झालेले. मला वाटायचं, त्यांतून आता बारीक काही जाणार नाही. सगळं गेलं. शेवटी सनई वर वर जाऊन, खाली उतरून, सुराला येऊन मिळाली आणि दोन्ही एक होऊन थांबली. सनईला शेवट असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी रडत होते. माझ्या पुढं बसलेली मोत्यांच्या बांगड्यांची बाईही रडत होती. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं आणि हसली. तशी ती मला पुन्हा कधी भेटायची नव्हती, भेटली असती तरी ओळख दाखवायची नव्हती. पण त्या वेळी हसली.

मागं वळून पाहिलं तर दादा रेघेपाशी तसाच. गाल दुखत असावेत, तो तळहातानं चोळत होता. साऱ्या कार्यक्रमभर त्यानं सूर धरला होता. तोंडात काही नसताना.

लोक गेल्यावर आम्ही गाद्या गुंडाळत होतो. तो काळा सूरवाला तंबाखू मळत मागं आला. दादाजवळ उभा राहून म्हणाला, "सुर पकडते थे ना आप? मैंने गाल देख लिए थे."

"पकडता था. बाप सनई बजाता था."

"अब?"

"अब नहीं. सब पानी में छोडा."

"क्यों?"

दादा गादी गुंडाळायला वाकला. सूरवाल्यानं पुन्हा विचारलं नाही. त्यानं काखेतला सूर काढून दादापुढं धरला. "लीजिए. एक बार."

दादानं तो हातात घेतला. उलटा केला. मेणानं बुजवलेल्या भोकांवरून अंगठा फिरवला. मी श्वास धरून बघत होते. आमच्या वस्तीनं घेतलेला निर्णय त्याच्या हातात होता आणि ओठ वीतभर लांब होते. त्यानं तो ओठांना लावला नाही. परत दिला.

"एक बात पूछूं?" दादा म्हणाला. "तुमको बैठने को कौन बोलता है?"

"मतलब?"

"ऊपर. बैठने को. कौन बोलता है, बैठो?"

सूरवाला हसला. त्याला वाटलं, चेष्टा आहे. "अरे भाई, बोलेगा कौन? आते हैं, बैठ जाते हैं."

दादानं मान हलवली.

घरी आल्यावर हिलालनं आमच्या चाळीच्या नळावर सगळ्यांना करून दाखवलं. पाय जुळवून, गाल फुगवून. चाळ हसली. त्या दिवसापासून माझ्या भावाचं नाव 'उभा भिवा' पडलं. पोरं पिपाणी वाजवून बघायची, उठतो का.

भाऊराव आमच्या विहाराच्या कमिटीचा माणूस, रेल्वेत फिटर. सरळ आणि कडक. तो संध्याकाळी घरी आला. रंभावहिनीला वाटलं, सनई ऐकायला गेला म्हणून आता दंड करणार.

"जय भीम," भाऊराव म्हणाला. "सनई ऐकली म्हणे."

"ऐकली," दादा म्हणाला.

"ऐकली ते चांगलं केलं. ऐकायला बंदी नाही. उभा का राहिलास?"

दादानं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला.

"हातातली टाकली रे भिवा. अंगातली कधी टाकणार?"

"बसून पाह्यनं, भाऊराव," दादा हळूच म्हणाला. "गुडघा ऐकत नही. माले वाटस कोणी तरी इचारी, बसलास?"

भाऊरावानं कप तसाच खाली ठेवला. जाताना त्यानं दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढं पाच-सहा वर्षांनी दादाच्या लेकीचं, सरलाचं, लग्न ठरलं. मुलगा चलथाणच्या साखर कारखान्यात, शिकलेला. व्याही हौशी. त्यांनी निरोप धाडला, लाउडस्पीकर आमचा, आणि वधू-वर आले की सनईची रेकॉर्ड लावू. रंभावहिनीनं दादाला गाठलं.

"त्या दिवशी तरी बसशाल ना? मुलीचा बाप खुर्ची सोडून उभा, व्याही काय म्हणतील? उभा भिवा म्हणून पोरीला सासरी चिडवतील."

"नही लावू द्या ती रेकॉर्ड," मी म्हणाले.

भाऊराव म्हणाला, "लावू द्या. आपण कोणाच्या दारात वाजवत नाही. आपल्या दारात ऐकतो. भिवाचं भिवा बघेल."

चाळीसमोर मांडव. गावाकडून माणसं आली. धुडकूबाबाही आला, आबाचा संबळवाला, आता पार वाकलेला. त्याला पुढं सतरंजीवर, खांबाला टेकून बसवलं. दादाला पांढरा सदरा, पांढरं धोतर. मानाची खुर्ची. त्यानं दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले होते, बसमधून जाताना धरावेत तसे. मी त्याच्यामागं होते. हिलाल पेढ्यांचं ताट घेऊन बाजूला उभा होता. आज तो चेष्टा करत नव्हता. त्यानं मला खुणेनं विचारलं, धरू का याला खांद्यांना? मी नको म्हटलं.

सरला आणि मुलगा आले. रेकॉर्ड खरखरली. आधी सूर लागला.

दादाचे हात दांड्यांवरून सुटले. तो उभा राहिला.

रंभावहिनीनं डोळ्यांना पदर लावला. पण मग जे झालं, ते तिलाही वाटलं नव्हतं, मलाही नाही. मुलीचा बाप उभा राहिला म्हटल्यावर व्याही उभे राहिले. त्यांना वाटलं, हीच रीत असेल. व्याही उठले म्हणून वऱ्हाड उठलं. बाया लेकरं कडेवर घेऊन उठल्या. भाऊराव उठला. सगळा मांडव, आमची सगळी माणसं, सनईपुढं उभी. जशी कधीकाळी तुमच्या मांडवाबाहेर उभी असत, तशी. फरक एवढाच की आता मांडव आमचा होता.

आणि पुढं धुडकूबाबा उठत होता. त्याला उठवत नव्हतं. एक हात खांबाला, एक जमिनीला, पाय कापत होते. अर्ध्यात आला, घसरला, परत खांब धरला.

दादानं ते पाहिलं. मी मागं होते, मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याची मान दिसत होती. ती आधी ताठ होती.

"बाबा," तो म्हणाला. "बस. खाले बस."

"तू उभा शेस ना," धुडकूबाबा धापा टाकत म्हणाला. "सनई वाजी र्‍हायनी."

"वाजू दे. मीबी बसस."

आणि भिवा रामजी बसला. सनई वाजत असताना. खुर्चीवर नाही. खुर्ची मागं सारून, धुडकूबाबाशेजारी, सतरंजीवर. गुडघे त्यानं हातांनी दाबून धरले. मग त्यानं मांडवाकडं पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाला, "बसा. सगळे बसा."

सगळे बसले. लेकरांसकट. हिलाल ताट घेऊन होता तिथंच बसला.

रेकॉर्ड जुनी होती, मधे मधे खरखरत होती. वाडीतल्या सनईची सर तिला नव्हती. पण कोणी हात केला नाही. ती शेवटपर्यंत वाजली, वर गेली, उतरली, सुराला मिळाली आणि थांबली. दादाचे गाल फुगलेले होते, पण तो बसलेला होता. धुडकूबाबानं त्याच्या कानाशी तोंड नेलं. उभा जन्म सनईला संबळाची साथ केलेला माणूस, त्यानं विचारलं, "भिवा, इतली मोठी र्‍हास का रे सनई?"

"हा, बाबा. इतली मोठी र्‍हास."

आता तुम्ही बोला. बसा, एवढाच शब्द. त्याला खर्च नाही. पाण्याच्या घोटाइतकाही नाही. माझ्या भावानं तो कोणाकडून उसना आणला नाही, स्वतःच्या छातीतून काढला, आणि काढायला त्याला अर्धं आयुष्य लागलं. धुडकूबाबाला हा शब्द मिळाला, कारण तिथं दादा होता. पण आबा तापात फणफणत बैलगाडीच्या धुरेला टेकला, तेव्हा तिथं तुम्हीच होतात. तो शब्द तेव्हा तुमच्या तोंडात होता की नव्हता? नव्हता, तर "बसलास?" कुठून आला? आणि होता, तर कोणासाठी राखून ठेवलात?

उत्तर द्या. मी बसलेली आहे.